निशाणा कुणी सिद्ध केला?

कन्हान, कामठी, पारशिवनी या पट्ट्यात घरात कुणाला कॅन्सर निघाला, की फाइल काखोटीला मारून माणसं नागपूर गाठतात. कुणी मेडिकलला जातं, कुणी तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला, कुणी जामठ्याला. अलीकडे तिथून परतणाऱ्या बऱ्याच जणांच्या तोंडी एक शब्द असतो : टार्गेटेड. 'केमो नाही दिली, टार्गेटेड गोळी दिली.' सांगणाऱ्याच्या आवाजात सुटकेचा भाव असतो आणि त्या भावाशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते त्याच्यामागच्या समजाशी. हा समज वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत आहे, औषधांच्या माहितीपत्रकांत आहे आणि, सांगताना खेद होतो, विज्ञानाच्या पदवी वर्गात फळ्यावर काढल्या जाणाऱ्या आकृत्यांतही आहे.

आधी पूर्वपक्ष मांडतो. आपल्या पेशींत कायनेज नावाची प्रथिनं असतात. एटीपी या रेणूवरचा फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर बसवायचा, हे त्यांचं काम. फॉस्फेट बसला की ते दुसरं प्रथिन कामाला लागतं किंवा थांबतं. 'वाढ', 'दुभंग', 'मरू नकोस' असे निरोप पेशीभर याच रीतीने फिरतात. कर्करोगात यांतलं एखादं कायनेज बिघडतं आणि थांबायचं विसरतं. मग त्या एका कायनेजच्या खोबणीत नेमका बसेल असा रेणू घडवायचा. कुलूप एक, किल्ली एक. बिघडलेलं कायनेज बंद, कर्करोग बंद, बाकी शरीर सुखरूप. यावरून पूर्वपक्ष सांगतो की, औषध कशावर चालतं ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि ते खरंच असतं. ते कायनेज रुग्णाच्या गाठीत सापडलं म्हणजे औषध लागू पडणार. आणि गोळी निशाण्यावरच बसत असल्याने बाकी शरीराला इजा नाही.

हा पक्ष हवेत उभा नाही. त्याच्या बाजूने इमॅटिनिबसारखा भक्कम साक्षीदार आहे. 1960 साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) एक आखूड गुणसूत्र दिसलं. 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते तसं होतं. पुढे कळलं की त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं, सतत चालू राहणारं कायनेज जन्माला येतं. त्याला रोखणारं इमॅटिनिब 1998 मध्ये प्रथम रुग्णांना देण्यात आलं आणि मे 2001 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या आजारात काही वर्षांत मृत्यू ठरलेला असे, त्यात हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 83 टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात असल्याचा अंदाज मोठ्या चाचणीच्या अहवालात आहे.

त्याहून महत्त्वाचा पुरावा औषध निकामी झालेल्या रुग्णांनी दिला. चार्ल्स सॉयर्स यांच्या चमूने 2001 मध्ये अशा रुग्णांच्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या एबीएल प्रथिनात 315 व्या जागी थ्रिओनिन जाऊन आयसोल्युसिन आलेलं आढळलं. अख्ख्या प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदललं, किल्ली बसेनाशी झाली आणि आजार उलटला. एवढ्याशा बदलाने औषध हरत असेल, तर ते त्याच प्रथिनामार्फत जिंकत होतं, याहून स्वच्छ पुरावा कोणता?

हा पुरावा मला पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार अशी की, एका औषधाने कमावलेला दाखला बाकी सगळ्या औषधांच्या नावावर चढवला गेला. इमॅटिनिबची सिद्धता झाली ती कसोटीतून. इतरांची सिद्धता झाली ती इमॅटिनिबच्या नात्यागोत्यातून. शास्त्रात वारसाहक्क नसतो.

आणि खुद्द साक्षीदाराची उलटतपासणी घेतली तर काय निघतं? इमॅटिनिब एबीएलवर बसतं, तसंच ते किट आणि पीडीजीएफ-ग्राही या आणखी कायनेजांवरही बसतं. ज्या संशोधनातून ते निघालं, त्यात पीडीजीएफ-ग्राहीला रोखणारा रेणू शोधणं हाही उद्देश होता. किटवर बसतं म्हणूनच 2000 साली फिनलंडमधल्या एका स्त्रीला पोटातल्या 'जिस्ट' जातीच्या गाठींसाठी ते देण्यात आलं, गाठी आक्रसल्या आणि 2002 मध्ये त्या आजारासाठीही त्याला मान्यता मिळाली. एकनिष्ठ म्हणून ज्याची ख्याती, त्याच औषधाने दुसऱ्या कुलपावर दुसरा आजार जिंकला. पूर्वपक्षाचा सर्वांत मोठा विजयही 'कुलूप एक, किल्ली एक' या सूत्रात मावत नाही.

तो मावणारही नव्हता. माणसाच्या जनुकसंचात कायनेजांची 518 जनुकं आहेत, अशी मोजदाद जेरार्ड मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडली. या जवळजवळ सगळ्यांना फॉस्फेट घ्यायचा असतो तो एकाच एटीपीकडून. रेणू एकच असल्यामुळे तो धरून ठेवणारी खोबणही सगळ्यांची बरीचशी सारखी. बहुतेक कायनेज-रोधक औषधं नेमकी याच खोबणीत बसवलेली. मग एका खोबणीत बसणारा रेणू शेजारच्या पाच-पंचवीस खोबण्यांत बसणार नाही, असं मानायला आधार काय? तपासल्याशिवाय काहीही नाही. तपासलं तेव्हा काय दिसलं तेही पाहा. 2011 मध्ये 72 रोधकांची 442 कायनेजांशी एकेक करून गाठ घालण्यात आली. 2017 मध्ये म्युनिकच्या बर्नहार्ड कुस्टर यांच्या चमूने रुग्णचाचणीपर्यंत पोचलेले 243 रोधक घेतले आणि कर्करोगाच्या पेशींच्या अर्कात कोण कुणाला धरतं ते मोजलं. काही रेणू खरोखर एकनिष्ठ निघाले. पुष्कळसे डझनांनी कायनेजं धरणारे निघाले. एकनिष्ठता हा या औषधांचा जातिधर्म नाही. तो काहींचा गुण आहे आणि तो मोजून दाखवावा लागतो.

आता आपल्या राज्यातलं उदाहरण. परदेशातल्या इमॅटिनिबची कथा आपण पाठ करतो आणि मुलुंडच्या रेणूची विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबईत मुलुंडला हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. भारतीय वनस्पतींतून औषधी रेणू शोधणं हे त्याचं एक काम. फोर्सकोलिन हा जगभरच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही वापरला जाणारा रेणू इथलाच. कडुनिंबाच्या कुळातल्या डिसॉक्सायलम बायनेक्टरिफेरम या सह्याद्रीत आढळणाऱ्या झाडातून इथल्या आर. जी. नाईक आणि सहकाऱ्यांनी रोहिटुकिन वेगळं काढलं, त्याची रचना ठरवली, ते प्रयोगशाळेत घडवूनही दाखवलं आणि 1988 मध्ये प्रसिद्ध केलं. शोध चालला होता दाह कमी करणाऱ्या द्रव्याचा. कर्करोग त्या शोधाच्या केंद्रस्थानी नव्हता. रोहिटुकिनची रचना बदलून केलेल्या रेणूंपैकी एक म्हणजे फ्लाव्होपिरिडॉल. कर्करोगाच्या पेशींची वाढ त्याने थांबली.

पण ती कशामार्फत थांबली? पहिलं उत्तर आलं : ईजीएफआर आणि प्रोटीन कायनेज ए. मात्र ही दोन कायनेजं रोखायला जेवढी मात्रा लागे, तिच्या कितीतरी पटींनी कमी मात्रेत पेशी वाढायच्या थांबत. अर्थात हे उत्तर टिकणारं नव्हतं. 1994 मध्ये दुसरं उत्तर आलं. पेशी विभाजनाच्या टप्प्यांवर नियंत्रण ठेवणारं सीडीके-1 हा निशाणा. दोन वर्षांत सीडीके-2 आणि सीडीके-4 यांचीही भर पडली. सीडीके गटावरचं, माणसांवर आजमावलेलं पहिलं औषध अशी फ्लाव्होपिरिडॉलची नोंद झाली, 'पेशीचक्र थांबवणारं औषध' अशी ओळखही ठरली. मग 2000 साली शेंग-हाओ चाओ आणि डेव्हिड प्राइस यांनी दाखवलं की, हा रेणू सर्वांत घट्ट धरतो तो सीडीके-9 ला, अवघ्या 3 नॅनोमोलरच्या प्रमाणात. सीडीके-9 पेशीचक्र चालवत नाही. ते जनुकांची आरएनए-प्रत काढण्याचं काम पुढे नेतं. ते बंद पडलं की ज्या प्रथिनांचं आयुष्य तासांचं असतं ती आधी संपतात, आणि त्यांतलं एक, एमसीएल-1, हेच रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींना मरणापासून वाचवत असतं.

रेणूतला एक अणूही बदलला नव्हता. पत्ता मात्र दोनदा बदलला. 1990 साली त्याच्यावर 'निशाणा' म्हणून जे लिहिलं गेलं असतं, ते 2000 साली खोडावं लागलं असतं. मग आज ज्या गोळीवर निशाणा छापला आहे, तो शेवटचा आहे, असं कुणी कशाच्या बळावर म्हणावं?

या कथेचा पुढचा भाग मला त्याहून बोलका वाटतो. प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या गायीच्या गर्भाचा रक्तद्रव घातलेल्या पोषक द्रवात. त्यात फ्लाव्होपिरिडॉल बरंचसं मोकळं राहतं, म्हणून थोडक्या मात्रेत काम होतं. त्याच हिशोबाने सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांना ते चोवीस-चोवीस, बहात्तर-बहात्तर तास शिरेतून सावकाश दिलं गेलं. जुलाब झाले, गाठी फारशा हलल्या नाहीत. ओहायो स्टेट विद्यापीठात जॉन बर्ड, मायकेल ग्रेव्हर आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की माणसाच्या रक्तद्रवातली प्रथिनं हे औषध कितीतरी अधिक प्रमाणात धरून ठेवतात. मोकळं उरतं ते निशाण्यापर्यंत पोचायला अपुरं. त्यांनी देण्याची रीत बदलली : अर्ध्या तासात काही मात्रा झटक्यात, उरलेली चार तासांत. इतर उपचार संपलेल्या 42 रुग्णांपैकी 19 जणांत, म्हणजे 45 टक्क्यांत, आजार मागे हटला. काहींत तर कर्करोगाच्या पेशी इतक्या झपाट्याने फुटल्या की रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलं. हा निकाल 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाला बाजारातली मान्यता पुढेही मिळाली नाही. ती वेगळी, खेदाची गोष्ट. इथे मुद्दा एवढाच की, निशाणा प्रयोगशाळेच्या बशीत बरोबर असून भागत नाही. रुग्णाच्या रक्तात औषध तिथे पोचतं का, हेही दाखवावं लागतं. निकोलस पिरामलच्या मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी याच कुळातला पी-276-00 हा रेणू 2007 मध्ये जाहीर केला, तेव्हा सीडीके-9, 4 आणि 1 या तिन्हींवरची त्याची मोजमापं, अनुक्रमे 20, 63 आणि 79 नॅनोमोलर, एकत्र छापली. लेबल असंच असायला हवं : अनेक नावांचं आणि प्रत्येकापुढे आकडा असलेलं.

प्रतिपक्ष म्हणेल, ही जुन्या काळची गोष्ट झाली. आता निशाणा आधी ठरवतात, रेणू नंतर घडवतात. ठीक. मग ताजा पुरावा घ्या. जेसन शेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये रुग्णचाचणीत असलेली किंवा तिच्या उंबरठ्यावरची दहा औषधं निवडली. त्यांनी केलेला प्रयोग कुणालाही समजेल इतका सरळ आहे. क्रिस्पर तंत्राने कर्करोगाच्या पेशीतलं ते जनुकच कापून टाकायचं, ज्याचं प्रथिन औषधाचा निशाणा म्हणवलं जातं. प्रथिन खरोखर उरलं नाही, याची खात्री करायची. मग प्रश्न दोन. ते प्रथिन कर्करोगाला आवश्यक असेल, तर त्याच्याविना पेशी वाढणार नाहीत. त्या वाढतात का? आणि औषध त्या प्रथिनामार्फतच मारत असेल, तर प्रथिन नसताना ते निरुपयोगी ठरेल, ठरतं का? पेशी मजेत वाढल्या. औषधांनी त्या पूर्वीइतक्याच सफाईने मारल्या. निशाणा नाहीसा झाला होता आणि गोळी तरीही लागत होती. मग ती कशाला लागत होती?

त्यांतल्या ओटीएस-964 या औषधाचा माग त्यांनी शेवटपर्यंत काढला. पीबीके नावाच्या कायनेजवरचं म्हणून ते ओळखलं जाई. पेशींना त्या औषधात वाढवत नेलं, जगून उरलेल्या पेशींची जनुकं वाचली आणि सीडीके-11 मध्ये एका अमिनो आम्लाचा बदल सापडला. तोच बदल ताज्या पेशींत मुद्दाम घातला, तर त्याही औषधाला पुरून उरल्या. हीच ती इमॅटिनिबची कसोटी, 315 व्या जागेची. इमॅटिनिब तिला उतरलं म्हणून आपण त्याचा निशाणा खरा मानतो. ओटीएस-964सुद्धा त्याच कसोटीला उतरलं, पण दुसऱ्याच पत्त्यावर. पूर्वपक्षाने स्वतःच्या साक्षीदाराची कसोटी सर्वांना लावली असती, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

चुकीच्या पत्त्याची किंमत कोण मोजतं? टिव्हँटिनिब मेट या कायनेजचा रोधक म्हणून पुढे आलं. 2013 मध्ये दोन स्वतंत्र चमूंनी दाखवलं की ते पेशी मारतं ते मुख्यतः ट्युब्युलिनवर, म्हणजे पेशीच्या सांगाड्याच्या प्रथिनावर बसून, जुन्या केमोच्या काही औषधांसारखं. तोवर यकृताच्या कर्करोगातली मोठी चाचणी सुरू झालेली होती आणि तिच्यात रुग्ण निवडले जात होते ते गाठीत मेट जास्त आहे, या निकषावर. 340 रुग्ण. औषध घेणारे मध्यकाने 8.4 महिने जगले, न घेणारे 9.1 महिने. जो निशाणा नव्हताच, त्याच्या आधारावर मरणासन्न माणसं निवडली गेली. याला केवळ पुस्तकी वाद कोण म्हणेल?

आता 'निशाणा सापडला की औषध लागू' या म्हणण्याकडे येऊ. समजा पत्ता बरोबर आहे, औषधही एकनिष्ठ आहे. बीरॅफ या कायनेजमधल्या 600 व्या जागेच्या बिघाडावर व्हेम्युराफेनिब हे औषध आहे. त्वचेच्या मेलॅनोमात तो बिघाड असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठी त्याने आक्रसतात. अगदी तोच बिघाड मोठ्या आतड्याच्या कर्करोगात असतो, तेव्हा 21 रुग्णांच्या चाचणीत एकाचीच गाठ आक्रसली. निशाणा तोच, औषध तेच. मग फरक कशाने पडला? रेने बर्नार्ड्स यांच्या चमूने 2012 मध्ये उत्तर दिलं. आतड्याच्या पेशीत बीरॅफ बंद केलं की ईजीएफआर उसळून जागं होतं आणि निरोप दुसऱ्या वाटेने पोचवतं. मेलॅनोमाच्या पेशीत ईजीएफआर फारसं नसतंच. म्हणजे निशाण्याचं महत्त्व तो कोणत्या पेशीत आहे, यावर ठरतं. गाठीच्या रिपोर्टवरच्या एका ओळीत ते मावत नाही.

विदर्भाला हा मुद्दा आणखी जवळचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा आपल्याकडे पानठेल्यावर मिळतो आणि तोंडाचा कर्करोग घरोघर पोचवतो. या कर्करोगात ईजीएफआर प्रथिन बहुतेक गाठींत भरपूर असतं. पूर्वपक्षाच्या न्यायाने ईजीएफआर-रोधक गोळीने इथे बाजी मारायला हवी होती. प्रत्यक्षात डोकं-मानेच्या पुन्हा उलटलेल्या कर्करोगात ईजीएफआर-रोधक जेफिटिनिब आणि जुनं, स्वस्त मिथोट्रेक्सेट यांची 486 रुग्णांवर तुलना झाली, निकाल 2009 मध्ये आला. जेफिटिनिबने आयुष्य वाढलं नाही. उलट मुंबईच्या टाटा मेमोरियलने 422 रुग्णांवर चाचणी घेतली. आठवड्यातून एकदा थोड्या मात्रेत घ्यायचं मिथोट्रेक्सेट आणि रोज घ्यायचं सेलेकॉक्सिब ही जोडी शिरेतून देण्याच्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरली, मध्यक आयुष्य 7.5 महिने विरुद्ध 6.1 महिने. यात कायनेज-रोधक एकही नाही. 'टार्गेटेड' हा शब्द ऐकून ज्यांना ही जोडी कमअस्सल वाटेल, त्यांनी हे दोन आकडे पुन्हा वाचावेत.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा दाखला तर प्रतिपक्षाचा हुकमी एक्का मानला जातो. तो मी टाळत नाही. ईजीएफआर जनुकात ठरावीक बिघाड असेल तर जेफिटिनिब उत्तम चालतं, हे निर्विवाद. पूर्व आशियात झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बिघाड असलेल्यांपैकी 71 टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या. पण त्याच चाचणीत बिघाड नसलेल्यांत हे प्रमाण 1.1 टक्के होतं आणि केमोने 23.5 टक्के. प्रथिन दोघांतही आहे. औषध त्यावर बसतंही. तरीही एकाला वरदान आणि दुसऱ्याला हातचा उपचार गमावणं. टाटा मेमोरियलच्या 907 रुग्णांच्या पाहणीत भारतीयांत हा बिघाड सुमारे 23 टक्क्यांत आढळला. म्हणजे चारांतल्या तिघांना ही गोळी देणं हा न्याय नव्हे. चाचणीचा रिपोर्ट हातात नसताना 'टार्गेटेड' सुरू करा, असा आग्रह कुणी नातेवाईक धरत असेल, तर त्याला हे आकडे दाखवावेत.

आणि ज्यांच्यात बिघाड आहे, त्यांना गोळी पुरते का? 'केमो नको, टार्गेटेड द्या' या वाक्याची खरी परीक्षा मुंबईतच झाली. टाटा मेमोरियलच्या वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी बिघाड असलेले 350 रुग्ण घेतले. निम्म्यांना नुसतं जेफिटिनिब, निम्म्यांना जेफिटिनिब आणि केमो दोन्ही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : नुसत्या गोळीवर आजार मध्यकाने 8 महिने थोपला, दोन्हींवर 16 महिने. आयुष्यही दोन्ही घेणाऱ्यांचंच वाढलं. त्रासही वाढला, हे लपवायचं कारण नाही. गंभीर दुष्परिणाम 25 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर गेले. ही देवाणघेवाण करायची की नाही, हे रुग्ण आणि डॉक्टर ठरवतील. पण गोळीने केमोला निवृत्त केलं, हे म्हणणं आपल्याच राज्यातल्या पुराव्याने पाडलं आहे.

इजा नाही, हे म्हणणं फार वेळ घेण्यासारखं नाही. कायनेज ही कर्करोगाची खासगी मालमत्ता नव्हे. ईजीएफआर त्वचेत आहे, आतड्याच्या अस्तरात आहे. म्हणून जेफिटिनिब घेणाऱ्याला अंगावर पुरळ येतं, जुलाब होतात, नखांच्या कडा सुजतात. इथे नेम चुकलेला नसतो. नेम बरोबर लागल्यामुळेच हा त्रास होतो. व्हेम्युराफेनिबची तऱ्हा त्याहून विलक्षण : ज्या पेशीत बीरॅफ निरोगी आहे, तिथे ते कायनेज थांबण्याऐवजी चेतवलं जातं. 2010 मध्ये हे उलगडलं आणि औषध घेणाऱ्यांच्या त्वचेवर नव्या गाठी का येतात, त्याचा खुलासा झाला. अंगावर पुरळ आलं म्हणून 'आमच्या बाबांना चुकीची गोळी दिली' असं समजून औषध परस्पर बंद करणारी घरं आहेत. इजा होतच नाही, असं सांगणाऱ्या समजाचीच ही देणगी.

एक आक्षेप सज्जनांकडून येतो आणि त्याला मी आदराने उत्तर देतो. ते म्हणतात, सामान्य माणसाला सोपी गोष्ट पुरे. त्याचा विश्वास कशाला डळमळीत करता? पण सामान्य माणूस या गोष्टीवर दागिने गहाण ठेवतो. मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात सोराफेनिबवर भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला गेला, तेव्हा मूळ कंपनीची महिन्याची किंमत होती सुमारे 2,80,000 रुपये. परवाना मिळालेल्या नॅटकोने ती 8,800 रुपये ठेवली. ज्या औषधासाठी एवढा झगडा झाला, ते रॅफ कायनेजचा रोधक म्हणून घडवलं गेलं होतं. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगात त्याचा उपयोग आहे, पण तो मोठ्या प्रमाणात रक्तवाहिन्यांच्या वाढीशी संबंधित व्हीईजीएफ-ग्राहींमार्फत, असं आज मानलं जातं. आणि मेलॅनोमात, जिथे रॅफचा संबंध सर्वांत उघड, तिथे मोठ्या चाचण्यांत ते अपयशी ठरलं. सोप्या गोष्टीवर भिस्त ठेवून कुणी ते मेलॅनोमासाठी विकत घेतलं असतं, तर? ज्याच्या खिशातून महिन्याला इतके पैसे जातात, त्याला 'या गाठीत हे औषध चालतं, असं रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं आहे का?' हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. हा प्रश्न विचारला म्हणून डॉक्टर रागावत नाहीत. चांगल्या डॉक्टरला तो हवाच असतो.

दुसरा आक्षेप संशोधकांचा आहे : निशाणे असे खोटे ठरवत बसलात तर या शाखेवरचा भरवसा उडेल. घडलं याच्या उलट. क्रिझोटिनिब मेटसाठी घडवलं होतं. ते एएलके नावाच्या दुसऱ्या कायनेजवरही बसतं, हे ठाऊक होतं, म्हणूनच 2007 मध्ये हिरोयुकी मानो यांच्या चमूला फुप्फुसाच्या कर्करोगात एएलकेचा बिघाड सापडला, तेव्हा ते लगेच त्या रुग्णांना देता आलं आणि चार वर्षांत, ऑगस्ट 2011 मध्ये, त्याला मान्यताही मिळाली. 'एकच निशाणा' या हट्टाने ती नोंद दडवली गेली असती, तर ती चार वर्षं किती लांबली असती? आणि ज्या ओटीएस-964 चा पीबीकेवरचा दावा शेल्ट्झर यांनी मोडून काढला, ते टाकाऊ झालं नाही. सीडीके-11 ला रोखणारं विश्वासू साधन म्हणून प्रयोगशाळांनी ते हाती घेतलं आणि 2022 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथल्या शास्त्रज्ञांनी त्याच्याच मदतीने दाखवून दिलं की, आरएनएच्या कच्च्या प्रतीतले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडण्याचं पेशीतलं काम सीडीके-11 वाचून अडतं.